मोठ्या शहरातली माणसं नवख्याशी तुसडी वागतात का?

नवा_भाडेकरू

मोठ्या शहरात राहायला निघालेल्या माणसाला सगळे एकच सांगतात: "तिथे कुणी कुणाचं नसतं." आणि त्याच दमात हेही सांगतात, की पत्ता विचारला तर लोक आपली वाट सोडून दाखवायला येतात. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

शहराचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की धागा 'आमचं शहर विरुद्ध तुमचं शहर' या भांडणात जातो. विचारायचं आहे ते असं:

१. रस्त्यात अनोळखी माणसाला काही विचारायचं तर कुणाला गाठावं आणि सुरुवात कशी करावी?
२. शेजारी जिन्यात भेटला की मान हलवतो, पण दोन शब्द बोलायच्या आत दार लावून घेतो. याला नकार समजायचं का?
३. तोंडओळखीची मैत्री व्हायला अंदाजे किती काळ धरून चालायचं?

"मी जेव्हा पहिल्यांदा आलो तेव्हा..." असे किस्से नकोत, प्लीज. ते भरपूर ऐकून झालेत.

---

कोपऱ्यावरचा_दिवा

तुमच्या पहिल्याच वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या गेल्यात: अडल्यावेळची मदत, वरवरचं सौजन्य आणि मैत्री. शहरात या तिन्हींचे भाव वेगळे असतात. सौजन्य कमी दिसतं, मदत बऱ्यापैकी मिळते, मैत्रीला वेळ लागतो. नवखा माणूस सौजन्यावरून बाकी दोन्हींचा अंदाज बांधतो आणि तिथेच चुकतो.

मदतीपुरतं बोलायचं तर रॉबर्ट लेव्हिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २३ देशांतल्या एकेका मोठ्या शहरात साध्या चाचण्या घेतल्या होत्या. चालता चालता नकळत पेन पाडायचं. पायाला ब्रेस लावून लंगडत, खाली पडलेली मासिकं उचलायची धडपड करायची. अंध माणूस म्हणून सिग्नलपाशी उभं राहायचं. अनोळखी लोक पुढे येतात का, ते मोजायचं. रिओ द जानेरोत ९३ टक्के वेळा मदत मिळाली, क्वालालंपूरमध्ये ४० टक्के वेळा. न्यूयॉर्क ४५ वर, आपलं कोलकाता ८३ वर. रिओ आणि कोलकाता काही छोटी गावं नव्हेत, म्हणजे 'शहर मोठं म्हणून माणूस कोरडा' हे गणित इथेच बसत नाही. त्याआधी याच माणसाने अमेरिकेतली ३६ शहरं तपासली होती. तिथे एकूण लोकसंख्येपेक्षा दाटीचा संबंध जास्त घट्ट निघाला. जिथे माणसं दाटीने राहतात तिथे मदत कमी.

पण खरी मेख घाईत आहे. १९७३ साली डार्ली आणि बॅट्सन यांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका इमारतीतून दुसरीकडे जायचं, वाटेत दाराशी एक माणूस खोकत, कण्हत बसलेला. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना "उशीर झालाय, पळा" असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. तीच शिकवण, तोच रस्ता. फरक काय तो घड्याळाचा.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: माणूस निवडताना चेहरा नाही, पाय बघा. चालणाऱ्याला थांबवू नका, आधीच थांबलेल्याला विचारा. रांगेत उभा असलेला, सिग्नलची वाट बघणारा, दुकान उघडून बसलेला. कानात इअरफोन असेल तर सोडा. हातात चाव्या किंवा भाजीची पिशवी असेल तर बहुधा आसपासचाच. पाठीवर मोठी सॅक असेल तर तोही तुमच्यासारखाच.

उभं राहायची जागाही महत्त्वाची. समोरून आडवं येऊ नका. बाजूने, हातभरापेक्षा जास्त अंतर ठेवून, आणि गर्दीच्या वाहत्या ओळीतून जरा कडेला सरकून बोला. जिन्याच्या तोंडाशी किंवा फलाटावर दारासमोर थांबून विचारलंत तर मागून येणारे वैतागतात आणि उत्तर देणाराही अर्धं सांगून निघतो. मग आपण म्हणतो, काय शिष्ट लोक आहेत!

आणि सुरुवात. "जरा एक मिनिट बोलू का?" हे वाक्य शहरात टाकाऊ आहे. वर्गणीवाले, विमेवाले, सर्वेक्षणवाले, सगळे याच वाक्याने सुरू करतात, त्यामुळे ते कानावर पडताच पाय आपोआप वेग घेतात. पहिल्याच वाक्यात काम सांगा: "स्टेशनकडे जायला हाच पूल ना?" हो किंवा नाही एवढ्यावर भागेल असा प्रश्न. पूर्ण पत्ता वाचून दाखवू नका, जवळची मोठी खूण सांगा आणि फक्त पुढचं वळण विचारा. दोनशे पावलांवर दुसऱ्या कुणाला तरी परत विचारा. "माहीत नाही" म्हणायच्या भिडेपोटी ठामपणे चुकीची दिशा दाखवणारे सगळीकडे असतात.

एक जास्तीची नोंद. लेव्हिनच्याच निरीक्षणात आहे: न्यूयॉर्कमध्ये मदत करणारेही "पेन पडलं तुमचं" असं ओरडून तसेच पुढे चालू पडायचे. रिओत हातात आणून द्यायचे. मोजणीत दोन्ही 'मदत केली' असेच धरले जातात. नवख्याच्या मनात मात्र पहिला तुसडा आणि दुसरा देवमाणूस.

---

पायरी_तिसरी

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. मान हलवणं हा नकार नाही, ती शहरातली पूर्ण ओळख आहे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये या वागण्याला नाव दिलं होतं, मराठीत 'सभ्य दुर्लक्ष' म्हणता येईल. तू दिसलास, तुझ्यापासून मला धोका वाटत नाही, आता तू तुझा एकांत घे. नजर क्षणभर मिळते आणि सरकते. दिवसातून शेकडो अनोळखी माणसं अंगावरून जात असतील तर प्रत्येकाशी बोलणं शक्यच नसतं. गावात न बोलणं हा अपमान, शहरात न बोलणं ही सोय. कुलूप तेच, किल्ल्या निराळ्या.

शेजार कसा जमतो, याचा फार बारीक अभ्यास १९५० मध्ये छापला गेला. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत विचारलं, की तुमचं जास्त येणं-जाणं कुणाकडे? अगदी लगतच्या दारातल्यांची नावं ४१ टक्के, एक दार सोडून राहणाऱ्यांची २२ टक्के, मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्यांची १० टक्के. आणि ही अंतरं मैलांची नव्हेत, काही पावलांची. जिन्याच्या आणि टपालपेट्यांच्या जवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्याशीही ओळख जास्त होती. स्वभाव तेच. जिथे रस्ते एकमेकांत मिसळतात तिथे माणसं मिसळली, एवढंच.

याचा उपयोग असा. घर निवडायला वाव असेल तर मधल्या मजल्यावरचं, जिन्याजवळचं घ्या. टोकाचं घर शांत असतं आणि एकटंही. ते जमणार नसेल तर वेळ पक्की करा. कचरा रोज त्याच वेळी खाली न्या, टपाल त्याच वेळी बघा, दोन मजले असतील तर लिफ्टऐवजी जिना धरा. लिफ्टमध्ये ओळख वाढत नाही, कारण तिथे नजर लपवायला सगळ्यांनाच मजल्याचा आकडा असतो. जिन्यात थांबायला जागा असते.

पहिल्या दोन आठवड्यांत फक्त माहिती मागा, वस्तू नको. "पाण्याचा मेन कॉक कुठे आहे?", "कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते?" असे प्रश्न दहा सेकंदांत संपतात, सांगणाऱ्याला जाणकार असल्यासारखं वाटतं आणि पुढच्या वेळी "मिळाला का कॉक?" असं विचारायला त्याच्याकडे निमित्त राहतं. मग वस्तू: शिडी, पान्हा, ड्रिल. त्याच दिवशी परत करायची, आधीपेक्षा स्वच्छ. एकदा आपण काही दिल्याशिवाय दुसऱ्यांदा मागायचं नाही. हिशोब कुणी वहीत मांडत नाही, पण मांडला जातो.

दार वाजवायचं तर एकदाच बेल, मग दोन पावलं मागे सरा. आयहोलमधून पूर्ण माणूस दिसला पाहिजे, नुसतं नाक नाही. दार उघडायच्या आतच स्वतःहून सांगा: नाव, कुठल्या मजल्यावरचे, काम काय. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७० मध्ये लिहिलंय, की त्यांच्या पाहणीत शहरातले तीन चतुर्थांश लोक बंद दाराआडून किंवा छिद्रातून बघून बोलले. छोट्या गावांत तितक्याच लोकांनी दार उघडलं. बंद दाराआडून उत्तर आलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दाराच्या आतल्या माणसाचा तो हिशोब आहे, तुमच्याबद्दलचं मत नाही.

घोडं पेंड खातं ते बहुतेक इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. नव्या माणसाचा पहिलाच मेसेज तक्रारीचा असेल (पार्किंग, आवाज, गळती) तर पुढचे सहा महिने तो 'तो तक्रारवाला' म्हणूनच ओळखला जातो. पहिला मेसेज नाव आणि घर क्रमांक. दुसरा, "शनिवारी दहा ते बारा भिंतीत ड्रिलिंग आहे, कुणाला अडचण असेल तर वेळ बदलतो." तिसऱ्यापासून तक्रार चालते.

---

नवा_भाडेकरू

दोघांचेही आभार. पायरी_तिसरी, कॉकपासून शिडीपर्यंत आलो. त्यापुढे? तीन महिने जिन्यात हवापाण्याच्या गप्पाच चालू राहिल्या तर गाडी तिथेच रुतलेली समजायची का?

---

तासांचा_हिशोब

महिन्यांत मोजू नका, तासांत मोजा.

जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास नेमका तुमच्यासारख्यांवर होता: नव्या ठिकाणी राहायला गेलेले प्रौढ आणि कॉलेजात नव्याने दाखल झालेले विद्यार्थी. तोंडओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास, 'माझा मित्र' म्हणावं इतपत यायला ९० च्या आसपास, आणि जवळची मैत्री २०० तासांच्या पुढे. शेजारी बसून काम केलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. रिकामा वेळ, गप्पा, एकत्र केलेली मजा यांनीच काटा पुढे सरकतो.

आता जिन्याचं गणित करा. रोज दोन मिनिटं, वर्षाचे ३०० दिवस: १० तास. पाच वर्षांनी ५० होतील. म्हणजे शेजारी तुसडा नाही, जिनाच अपुरा आहे.

उलट आठवड्याला दोन तासांच्या दोन बैठका असतील (गाण्याचा वर्ग, बॅडमिंटन, डोंगरभटकंतीचा गट, वाचनगट, कुठेतरी स्वयंसेवक म्हणून काम) तर साडेबारा आठवड्यांत ५० तास भरतात आणि वर्षभरात २००. पण अट आहे: तीच माणसं, तीच वेळ, आणि हाताला काहीतरी काम. 'नव्या मित्रांना भेटा' छापाचे एकदाचे मेळावे इथेच फसतात. दर वेळी नवे चेहरे, म्हणजे दर वेळी मीटर शून्यावर. दहा मेळाव्यांत वीस तास जातात आणि वीस माणसांशी प्रत्येकी एकच तास जमा होतो.

गट आठ ते पंधरा जणांचा बघा. त्याहून लहान असेल तर दोघे गैरहजर राहिले की बारगळतो, मोठा असेल तर तुम्ही न आल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. पहिल्या तीन वेळा अगदी उपरं वाटतं, तिथेच बहुतेक जण सोडतात. सहा वेळा जायचं ठरवूनच नाव घाला. आणि दहा मिनिटं आधी पोचा, नंतर खुर्च्या आवरायला थांबा. खऱ्या गप्पा त्या दोन टोकांना होतात, मध्ये नाही.

पुढची पायरी, जागा बदलणं. मिलग्रॅम यांनी १९७२ मध्ये 'ओळखीचे अनोळखी' ही कल्पना मांडली: रोज एकाच फलाटावर दिसणारी, चेहऱ्याने पक्की माहीत असलेली, पण कधीच न बोललेली माणसं. गंमत अशी, की अशी दोन माणसं नेहमीच्या जागेपासून लांब भेटली तर चटकन बोलतात. फलाटावर वर्षानुवर्षं न बोलण्याची सवय झालेली असते आणि ती मोडायला कारण लागतं. दुसऱ्या गावच्या स्टेशनवर ते कारण आयतं मिळतं. म्हणून वर्गातल्या माणसाला वर्गाबाहेर, शेजाऱ्याला इमारतीबाहेर भेटा.

बोलावताना "कधीतरी भेटू या" म्हणू नका. शहरात त्याचा अर्थ 'निरोप घेतो' असा होतो. वार, वेळ, जागा आणि संपायची वेळ सांगा: "रविवारी सकाळी आठला टेकडीवर जातोय, साडेनऊला परत. येता?" संपायची वेळ सांगितली की हो म्हणणं सोपं जातं, कारण अख्खी सकाळ अडकत नाही. "या रविवारी नाही, पुढच्या?" हा होकार आहे. दोनदा नुसतंच "नाही जमणार", पर्याय काहीच नाही, तर तिथे थांबा. रागावून नाही, पुढच्या माणसाकडे वळायचं म्हणून. गटात बाकीचे असतातच.

---

तिरकस

वरचं सगळं ठीक. पण पेन उचलून देण्यावरून शहर मापणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि शीतही दुसऱ्याच भांड्यातलं. पेन उचलायला काही जात नाही. शहर नवख्याला आपलं म्हणतं का, हे कळतं ते घर भाड्याने देताना आणि नोकरीला बोलावताना. तिथे गोड बोलणारेही हात आखडतात.

२००४ मध्ये बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांचा निबंध आला होता. बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक फोन, काळ्या वाटणाऱ्या नावाला पंधरा अर्जांमागे एक. फोनवर कुणी उद्धट बोललं असेल असं नाही. फोन आलाच नाही, इतकंच. नवख्याशी होणारा दुजाभाव असाच असतो, हसतमुख आणि बिनआवाजाचा. "जागा कालच गेली हो."

म्हणून घर शोधताना एवढं करा. विचारणा लेखी करा, उत्तर तारखेसकट जपून ठेवा. जाहिरात पुन्हा दिसली तर त्याच मजकुराने दुसऱ्या कुणाला तरी विचारायला सांगा. दलालाला सुरुवातीलाच विचारा, की घरमालकाच्या अटी काय आहेत, म्हणजे दहा घरं बघून अकराव्या पायरीवर कळण्यापेक्षा बरं. आणि आधी राहिलेल्या जागेच्या मालकाचं दोन ओळींचं पत्र खिशात असू द्या. अनोळखी शहरात दुसऱ्याने दिलेला शब्द आपल्या दहा शब्दांना भारी पडतो.

---

कोपऱ्यावरचा_दिवा

तिरकस, मान्य. म्हणूनच सुरुवातीला तीन पोती वेगळी केली होती. तुमचं चौथं, ते मी विसरलो.

---

कडी_कोयंडा

एक उलटी बाजू कुणी लिहिली नाही. नवख्याशी पहिल्या दिवसापासून अतिशय गोड वागणारा माणूस. शहरात अनोळखी माणसाकडे वेळ नसतो, असं वर सगळ्यांनी लिहिलंच आहे. मग एखाद्याकडे तुमच्यासाठीच इतका वेळ कसा?

तुम्ही ज्याला विचारलंत तो आणि जो आपणहून तुमच्याकडे आला तो, यात फरक करा. पहिल्याला तुम्ही निवडलंत, दुसऱ्याने तुम्हाला निवडलं. स्टेशनबाहेर आपणहून सामान उचलू पाहणारा, "तुमचं ते हॉटेल बंद झालंय, मी दुसरं दाखवतो" म्हणणारा, घर न दाखवता आगाऊ रक्कम मागणारा. खुणा ठरलेल्या आहेत: घाई लावणं, बाकीच्यांपासून बाजूला नेणं, "कुणाला सांगू नका", आणि पैसा मागितला जातो तो काम व्हायच्या आधी. यातल्या दोन जुळल्या की पुढे ऐकायचं कारण नाही. "नको" एकदाच म्हणा आणि चालत राहा. कारण सांगत बसू नका, प्रत्येक कारणावर त्याच्याकडे तयार उत्तर असतं.

आणि हो, म्हणून सगळ्यांवरच संशय घेऊ नका. त्यावर साधा उतारा असा: मदत लागली तर स्वतः उठून, स्वतः निवडलेल्या माणसाकडे जायचं.

---

नवा_भाडेकरू

शेवटचं एक. तिथली भाषा मोडकी येत असेल तर? मोडक्या भाषेत बोलावं, की सरळ दोघांनाही येणाऱ्या तिसऱ्या भाषेत?

---

पायरी_तिसरी

पहिलं वाक्य त्यांच्या भाषेत, मोडकं का असेना. अडलं की ते स्वतःच भाषा बदलतात, पण बदलायची संधी त्यांना द्या. तिसऱ्या भाषेत धाडकन सुरुवात केली, तर ती न येणारा माणूस ओशाळून काढता पाय घेतो आणि आपण त्याला तुसडा ठरवतो.

व्याकरण नंतर. आधी वीसपर्यंतचे आकडे, डावं-उजवं, 'पुढचा थांबा', 'किती वेळ लागेल', 'परत सांगाल का, हळू' एवढं पाठ करा. आणि जागांची नावं पाटीवर लिहिलीत तशी नाही, लोक बोलतात तशी शिका. बऱ्याच नावांची बोलण्यात काटछाट झालेली असते, आणि कंडक्टरला ते लांबलचक अधिकृत नाव सांगितलंत तर तो दोनदा विचारतो. घराजवळच्या चार थांब्यांची नावं शेजाऱ्याकडून म्हणवून घ्या. कॉकनंतर आणि शिडीच्या आधी विचारायला हा प्रश्न छान आहे.